नाटकातून वेचलेल्या कविता: जुन्या इंग्रजी नाटकांतले वेचे निवडावेत कसे, कापावेत कुठे

इंग्रजी कवितांच्या जुन्या संग्रहांत एक गोष्ट वारंवार दिसते. वर छानसे शीर्षक, खाली आठ-दहा ओळी, शेवटी कवीचे नाव. प्रत्यक्षात त्या ओळी स्वतंत्र कविता म्हणून कुणी लिहिलेल्याच नसतात. नाटकातल्या एका पात्राने दुसऱ्याला पटवण्यासाठी, फसवण्यासाठी किंवा शोक करताना म्हटलेले ते बोल असतात. आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही. १८९९च्या 'शारदा'तले 'मूर्तिमंत भीती उभी' मैफलीत रंगते तेव्हा नाटकातला प्रसंग सगळ्यांना आठवत असतोच असे नाही, तरी पद उभे राहते. पण पद उभे राहणे वेगळे आणि ते कुणाचे, कुणासाठी, हे ठाऊक असणे वेगळे. वेचे जमवणाऱ्याने दुसरी गोष्ट सांभाळायची असते.

साधारण १५८० ते १७०० या काळातल्या नाटकांतून वीस-चोवीस वेच्यांची एक वही तयार करायची, एवढे उद्दिष्ट धरून पुढची कृती दिली आहे. रोज तासभर दिला तर महिनाभराचे काम आहे.

सुरुवात गाण्यांपासून

नवखा माणूस आधी प्रसिद्ध स्वगतांकडे वळतो आणि तिथेच अडकतो, कारण स्वगताला आधीचे-नंतरचे धागे फार असतात. गाणे मात्र नाटकातही वेगळेच उभे असते. त्याला कडवी असतात, सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. म्हणून पहिले आठ-दहा वेचे गाण्यांचेच घ्या. ही यादी पुरेशी आहे:

- शेक्सपिअर, 'द टेम्पेस्ट', अंक १ प्रवेश २: एरिएलचे 'फुल फॅदम फाइव्ह'.
- शेक्सपिअर, 'सिंबेलीन', ४.२: 'फिअर नो मोअर द हीट ओ द सन'. सहा-सहा ओळींची चार कडवी.
- शेक्सपिअर, 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट', ५.२: नाटकाच्या अखेरीचे हिवाळ्याचे गाणे, 'व्हेन आयसिकल्स हँग बाय द वॉल'.
- बेन जॉन्सन, 'सिंथियाज रेव्हल्स': चंद्रदेवतेला उद्देशून 'क्वीन अँड हंट्रेस'. १८ ओळी.
- बेन जॉन्सन, 'व्होल्पोनी', ३.७: 'कम, माय सेलिया'. हेही १८ ओळींचे.
- जॉन वेब्स्टर, 'द व्हाइट डेव्हिल', ५.४: 'कॉल फॉर द रॉबिन रेडब्रेस्ट अँड द रेन'. १० ओळी.
- बोमंट आणि फ्लेचर, 'द मेड्स ट्रॅजेडी', २.१: 'ले अ गार्लंड ऑन माय हर्स'. फक्त ८ ओळी.
- टॉमस नॅश, 'समर्स लास्ट विल अँड टेस्टमेंट': 'अदियू, फेअरवेल, अर्थ्स ब्लिस'. सात ओळींची सहा कडवी, प्रत्येकाच्या शेवटी 'लॉर्ड, हॅव मर्सी ऑन अस'. प्लेगने पछाडलेल्या घरांच्या दारांवर हेच शब्द लिहिले जात, हे कळले की ध्रुपद वेगळेच ऐकू येते.

कोणत्या प्रतीवरून उतरवायचे

इथे घाई केली की पुढचे सगळे चुकते. त्या काळी नाटके आधी सुटी, क्वार्टो नावाच्या लहान आकारात छापली जात. शेक्सपिअरची ३६ नाटके एकत्र, मोठ्या फोलिओ आकारात, १६२३ साली आली. एकाच नाटकाच्या या दोन छापील प्रतींत पाठभेद असतात आणि ते किरकोळ नसतात. हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतातले शरीर फोलिओत 'सॉलिड' आहे, म्हणजे घट्ट. क्वार्टोंत ते 'सॅलिड' छापले आहे आणि बरेच संपादक त्याचा अर्थ 'मळलेले' असा लावतात. दोन्ही ठिकाणचे आवडलेले शब्द एकत्र करून स्वतःचा तिसरा पाठ बनवायचा मोह होतो. तो टाळा. एक आवृत्ती निवडा, शेवटपर्यंत तीच वापरा आणि वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव लिहा.

फोलिओ म्हणजे सर्वांत पूर्ण प्रत, हाही एक गैरसमज आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे सुरुवातीचे निवेदन हे चौदा ओळींचे नेटके सुनीत. फोलिओत ते नाहीच, क्वार्टोत आहे.

शेक्सपिअरसाठी फोल्जर ग्रंथालयाने मोफत उपलब्ध केलेली संहिता नवख्याला सोयीची आहे. इतरांसाठी विद्यापीठीय प्रकाशनांच्या टीपांसह आवृत्त्या बघा. मूळ नाटकांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण हल्लीच्या संपादकाने लिहिलेल्या टीपा आणि प्रस्तावना त्याच्या असतात. त्या वाचून समजून घ्या, जशाच्या तशा उतरवून छापू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो.

गाण्यांच्या बाबतीत आणखी तीन खड्डे आहेत.

'मेझर फॉर मेझर'मधले (४.१) 'टेक, ओ टेक दोज लिप्स अवे' एकाच कडव्याचे आहे. फ्लेचरचा हात असलेल्या 'रोलो, ड्यूक ऑफ नॉर्मंडी' या नाटकात तेच गाणे दुसऱ्या कडव्यासह येते. जुन्या संग्रहांत दोन्ही कडवी जोडून खाली शेक्सपिअरचे नाव घातलेले सापडते. तुम्ही एकच घ्या किंवा दोन्ही घेऊन खुलासा करा.

'ॲज यू लाइक इट'मधल्या 'इट वॉज अ लव्हर अँड हिज लास'ची कडवी फोलिओत उलटसुलट झाली आहेत. शेवटी शोभणारे कडवे तिथे दुसऱ्या जागी छापले आहे. टॉमस मोर्लीने १६०० साली याच गाण्याची चाल शब्दांसह छापली, त्यात क्रम नीट लागतो.

आणि जॉन लिलीच्या 'कॅम्पॅस्पे'ची पहिली प्रत १५८४ची, पण तिच्यात 'क्यूपिड अँड माय कॅम्पॅस्पे' हे गाणे छापलेले नाही. ते पहिल्यांदा १६३२च्या संग्रहात दिसते, तोवर लिलीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. म्हणून गाण्याखाली '१५८४' एवढेच लिहिणे बरोबर नाही.

कात्री कुठे लावायची

वेच्याची लांबी आठ ते तीस ओळींत ठेवा. चार ओळींच्या आत गेलात की कविता उरत नाही, सुभाषित होते. वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी'त फर्डिनंडने बहिणीच्या प्रेतापाशी म्हटलेली ओळ बघा: तिचा चेहरा झाका, माझे डोळे दिपताहेत, ती तरुणपणीच गेली. एकटी उचलावी अशी ही ओळ आहे. पण खुनाचा हुकूम त्यानेच दिलेला आहे आणि समोरचा बोसोला लगेच म्हणतो की मला तसे वाटत नाही, तिच्या दुर्दैवाची वर्षे जरा जास्तच झाली. हे उत्तर काढून टाकले की फर्डिनंड नुसताच हळवा भाऊ वाटू लागतो.

सुरुवात कुठून करायची याचा चांगला धडा 'मॅकबेथ' ५.५ मध्ये आहे. सगळे जण 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो'पासून उचलतात. मग हाती दहा ओळी येतात. पण भाषण त्याच्या दोन ओळी आधी सुरू होते. राणी वारल्याची बातमी नोकर देतो आणि मॅकबेथ म्हणतो, तिने नंतर मरायला हवे होते, असल्या शब्दासाठी तेव्हा वेळ मिळाला असता. 'उद्या'चा जप त्या 'नंतर'मधून निघाला आहे. बारा ओळी घ्या. दहा घेतल्या तर जीवनाविषयीचे सर्वसाधारण चिंतन हाती लागते, बायको गेलेला माणूस हातातून निसटतो.

शेवट ठरवताना उलटी अडचण येते. 'द व्हाइट डेव्हिल'मध्ये कॉर्नेलियाचे शोकगीत दहा ओळींत पूर्ण झाल्यासारखे वाटते आणि बहुतेक संग्रह तिथेच थांबतात. नाटकात ती पुढे बोलतच राहते: हा भांडणात मेला म्हणून त्याला पुरायला तयार नाहीत, पण माझ्याकडे उत्तर आहे, याने चर्चचा दशमांश इमानाने भरला होता. या ओळी गाण्याइतक्या सुंदर नाहीत. वेड लागलेल्या आईची ती व्यवहारी हुज्जत आहे. माझ्या मते वेचा दहाव्या ओळीवर थांबवावा आणि पुढची हुज्जत टीपेत एका वाक्यात सांगावी. दोन्ही एकत्र घातले तर गाण्याचा घाट मोडतो.

मधल्या ओळी गाळायच्या असतील तर सरळ तीन टिंबे टाका. न सांगता जोडलेल्या ओळी हा या कामातला सर्वांत जुना रोग आहे.

हे पद्य आहे ना, ते तपासा

हॅम्लेटचे 'व्हॉट अ पीस ऑफ वर्क इज अ मॅन' (२.२) हे गद्य आहे. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या शायलॉकचे 'ज्यूला डोळे नसतात का' हेही (३.१) गद्यच. दोन्ही ओळी पाडून कवितेसारखी छापलेली अनेक ठिकाणी दिसतात. ओळखायची खूण सोपी: पद्यात प्रत्येक ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते आणि उजवी कड खालीवर होते, गद्याची ओळ पानाच्या रुंदीप्रमाणे मोडते. शंका आली तर मोजा. या नाटकांतली मुख्य ओळ दहा अवयवांची, म्हणजे दहा सिलॅबल्सची. त्यांत पाच आघात, प्रत्येक आघाताआधी एक हलका अवयव. यमक नसले की तिला ब्लँक व्हर्स म्हणतात. आपल्या वृत्तांसारखे लघु-गुरू इथे लावू नका, इथे हिशेब आघाताचा आहे. अकरावा हलका अवयव शेवटी आला तर तो चालतो.

कधी घोळ छापखान्याचाच असतो. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या मर्क्युशिओचे मॅब राणीवरचे भाषण १५९७च्या पहिल्या क्वार्टोत पद्यात आहे, पुढच्या क्वार्टोत आणि फोलिओत गद्यासारखे छापले आहे. संपादक ते पद्यात लावतात आणि ते योग्यच आहे.

ओळींची मांडणी

एकच ओळ दोन पात्रांत वाटलेली असते. 'ॲज यू लाइक इट'मधले जगाला रंगभूमी म्हणणारे जॅक्विसचे २८ ओळींचे भाषण (२.७) सुरू होते तेच मुळी अर्ध्या ओळीवर, पहिले पाच अवयव थोरल्या ड्यूकने उच्चारलेले असतात. वेच्यात ही पहिली ओळ डावीकडे चिकटवू नका. अर्ध्या ओळीइतकी जागा सोडून मग सुरू करा. वाचणाऱ्याला आपोआप कळते की आधी कुणीतरी बोलत होते.

उलट, भाषणाच्या अखेरची आखूड ओळ आखूडच ठेवा. मॅकबेथच्या त्या भाषणाचा शेवट 'सिग्निफाइंग नथिंग' या सहा अवयवांवर होतो. उरलेल्या चार अवयवांची शांतता नटाची असते. जागा वाचवायला ती ओळ वरच्या ओळीला जोडणारे लोक आहेत. त्यांचे अनुकरण नको.

दोघांचा संवाद असेल तर पात्रांची नावे समासात लहान अक्षरात लिहा. रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा भेटतात (१.५) तेव्हा दोघे मिळून एक पूर्ण सुनीत बोलतात: चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग उरलेल्या सहा वाटून. नावे काढली तर एकट्या प्रियकराची कविता वाटते आणि सगळी मजा जाते. सुनीत चौदाव्या ओळीला संपते. लगेच पुढे दुसरे सुरू होऊ पाहते, ते घेऊ नका.

भूतकाळी क्रियापदांचा शेवट ज्या आवृत्तीत जसा छापला आहे तसाच ठेवा. कुठे तो वेगळा अवयव म्हणून उच्चारायचा, कुठे गिळायचा, हे त्या खुणेवरूनच समजते. ती बदलली की ओळ लंगडते.

शीर्षक: इथे सर्वांत जास्त जपायचे

शीर्षक बहुतेक वेळा नाटककाराचे नसते, ते संग्राहक देतो. १८६१च्या 'द गोल्डन ट्रेझरी'त पाल्ग्रेव्हने एरिएलच्या गाण्याला 'समुद्रावरचे शोकगीत' आणि कॉर्नेलियाच्या गाण्याला 'जमिनीवरचे शोकगीत' अशा अर्थाची नावे दिली. जोडी सुरेख दिसते. कल्पना मुळात चार्ल्स लँबची. १८०८ साली त्याने शेक्सपिअरच्या समकालीन नाटककारांचे वेचे काढले, तेव्हा या दोन गाण्यांची तुलना करून एक पाण्याचे, एक मातीचे असे म्हटले होते.

आता नाटक उघडा. कॉर्नेलियाचा मुलगा मार्सेलो खरोखर मेला आहे, सख्ख्या भावाने त्याला मारले आहे आणि प्रेतापाशी आई गाते आहे. 'द टेम्पेस्ट'मधला एरिएल मात्र राजपुत्र फर्डिनंडला (हा वेगळा फर्डिनंड) सांगतो की तुझा बाप पाच वाव खोल, म्हणजे तीस फूट पाण्याखाली पडला आहे, त्याच्या हाडांची पोवळी आणि डोळ्यांचे मोती झाले आहेत. तो बाप त्याच बेटावर दुसऱ्या बाजूला जिवंत हिंडतो आहे! हे शोकगीत नव्हे, ही एरिएलने आपल्या जादूगार धन्याच्या, प्रॉस्पेरोच्या हुकमाने केलेली गोड फसवणूक आहे. 'सिंबेलीन'मधले शोकगीतही जिवंत व्यक्तीसाठी: दोन भाऊ ज्याला मेलेला मुलगा समजतात ती औषधाने बेशुद्ध झालेली इमोजेन आहे. शेक्सपिअरची ही दोन सर्वांत सुंदर मृत्युगीते, आणि मेलेले कुणीच नाही.

म्हणून विषयवार शीर्षके टाळा. 'मृत्यू', 'दया', 'मैत्री' असे खण पाडून वेचे भरायची पद्धत विल्यम डॉडसारख्यांच्या काळापासून लोकप्रिय आहे. त्याने १७५२ साली शेक्सपिअरचे 'सौंदर्य' वेचून काढले, तरुण गटेची शेक्सपिअरशी ओळख त्याच पुस्तकातून झाली. (हाच डॉड धर्मोपदेशक होता आणि १७७७ साली खोट्या सहीच्या गुन्ह्यात फासावर गेला. 'प्रामाणिकपणा' या खणात त्याने काय भरले होते ते बघायला हवे.) खण पाडले की 'हॅम्लेट'मधला पोलोनियस साधू होतो. 'स्वतःशी खरा राहा' हा त्याचा मुलाला उपदेश १.३ मध्ये येतो, २.१ मध्ये तोच बाप त्याच मुलावर पाळत ठेवायला माणूस पाठवतो.

सुरक्षित मार्ग: पहिल्या ओळीलाच शीर्षक करा. वेगळे शीर्षक हवेच असेल तर पात्राचे नाव आणि प्रसंग वापरा, 'कॉर्नेलिया, मुलाच्या प्रेतापाशी' असे.

वेच्याखालची ओळ

प्रत्येक वेच्याखाली एक संदर्भओळ हवी. क्रम असा: नाटककार, नाटक, पहिल्या छापील प्रतीचे साल, अंक.प्रवेश.ओळी, बोलणारा, ऐकणारा. उदाहरणार्थ: वेब्स्टर, द व्हाइट डेव्हिल, १६१२, ५.४, कॉर्नेलिया, फ्लॅमिनिओ आणि इतरांसमोर. ओळींचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, विशेषतः नाटकात गद्य असेल तिथे. म्हणून ते निवडलेल्या आवृत्तीचेच द्या. एकाहून अधिक नाटककार असतील तर सगळे लिहा. 'गोल्डन स्लंबर्स' हे अंगाईगीत डेकरच्या नावावर चालते, पण 'पेशंट ग्रिसिल' हे नाटक डेकर, चेटल आणि हॉटन या तिघांचे आहे.

त्याखाली टीप, दोन वाक्यांत. पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात बोलणाऱ्याचा हेतू. 'कम, माय सेलिया'ची टीप अशी होईल: आजारी असल्याचे सोंग करणारा व्होल्पोनी, नवऱ्यानेच पैशाच्या आशेने आणून सोडलेल्या सेलियाला वश करू पाहतो. ती नकार देते. मजा म्हणजे हे गाणे नाटकातून सर्वांत आधी बाहेर काढले ते जॉन्सननेच; १६१६ साली 'द फॉरेस्ट' या स्वतःच्या कवितांत त्याने ते घातले आणि तिथे व्होल्पोनी उरला नाही, फक्त प्रियकर उरला. म्हणजे कात्री लावणे पाप नव्हे. आपण कशावर लावली ते सांगितले म्हणजे झाले.

शब्दांचे सापळे

ओळखीचा दिसणारा शब्द जास्त धोक्याचा. 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. ज्युलिएट रोमिओला शोधत नाही, तू रोमिओच का, असे विचारते आहे. 'स्टिल' बहुधा 'सदैव', 'फाँड' म्हणजे 'खुळा', 'प्रेझंटली' म्हणजे 'ताबडतोब', 'प्रूव्ह' म्हणजे 'अनुभवून बघणे'. 'दाऊ' आणि 'यू' यांच्या बाबतीत मराठी वाचक नशीबवान आहे, कारण 'तू' आणि 'तुम्ही' आपल्या जिभेवर आहेत. एकाच प्रवेशात पात्र 'यू'वरून 'दाऊ'वर आले की जवळीक वाढली किंवा पारा चढला, एवढे लक्षात ठेवा.

गाजलेली ओळ आठवणीतून लिहू नका. काँग्रीव्हच्या 'द मोर्निंग ब्राइड'ची (१६९७) पहिली ओळ संगीत रानटी 'ब्रेस्ट' शांत करते असे म्हणते. लोक 'बीस्ट' म्हणतात आणि उराचे जनावर होते.

वहीच्या शेवटाकडे ड्रायडनच्या 'औरंगझेब'मधला (१६७५) 'व्हेन आय कन्सिडर लाइफ' हा यमकबद्ध उतारा जरूर घ्या. शिवराज्याभिषेकाला जेमतेम दीड वर्ष झालेले, खरा औरंगजेब तख्तावर, आणि लंडनच्या रंगमंचावरचा औरंगझेब सद्गुणी, सोशिक राजपुत्र म्हणून आयुष्याच्या फसवेपणावर बोलतो आहे. इथे टीपेला दोन वाक्ये पुरणार नाहीत.

मराठीत आणायचे असेल तर

आधी अर्थाचे साधे गद्य लिहा, मग ओळी पाडा. ब्लँक व्हर्सला यमक जोडू नका. इंग्रजी दहा अवयवांचा मजकूर मराठीत चौदा ते अठरा अक्षरे मागतो, तेवढी मोकळीक द्या. गाण्याला मात्र यमक आणि ठरीव चाल हवीच, नाहीतर ते गाणे वाटत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' ('हॅम्लेट'चे मराठी रूप, १८८३) आणि विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' शेजारी ठेवून एकेक स्वगत ताडून पाहिले तर भाषेने किती वळणे घेतली ते समजते.

मोठ्याने वाचणे

वेचा वहीत पक्का करण्याआधी तीनदा मोठ्याने वाचा. मिनिटाला पंधरा ते वीस ओळी हा बरा वेग. जॅक्विसला दीड-पावणेदोन मिनिटे लागतात. दर ओळीच्या शेवटी थांबू नका, विरामचिन्ह असेल तिथेच थांबा. जिथे सारखी जीभ अडते तिथे बहुतेक वेळा उतरवताना एखादा शब्द गळलेला असतो. मूळ आवृत्ती पुन्हा पाहा.

लोकांसमोर वाचताना टीप आधी सांगायची की नंतर, हे वेच्यावेच्यावर ठरते. मॅकबेथच्या आधी राणी गेल्याचे सांगावेच लागते. जॅक्विसच्या भाषणाचा शेवट दात, डोळे, चव, सगळे गेलेल्या म्हाताऱ्यावर होतो आणि त्याच क्षणी ऑर्लांडो जवळजवळ ऐंशीच्या इमानी ॲडमला उचलून आत आणतो, हे नंतर सांगितले तर जास्त पोचते. एरिएलच्या गाण्याआधी तर अवाक्षर काढू नका. घंटेचा 'डिंग-डाँग' संपू द्या, थोडे थांबा, आणि मग सांगा की म्हातारा जिवंत आहे.